कॅरोलाइन नॉर्टन : पुन्हापुन्हा नांदावयास गेलेली स्त्री

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत नवराबायकोचे भांडण विकोपास गेले म्हणजे रात्री-अपरात्री कोणास तरी बोलावणे जाते. बहुधा उपदेशकास, नाहीतर पंचांपैकी एखाद्या वडील माणसास. तो जातो, दोघांची समजूत घालतो, बाईस पुन्हा नांदावयास लावतो आणि घरी येऊन निजतो. आपल्या हातून एक चांगले काम झाले असे त्यास वाटते, व पुष्कळ वेळा ते झालेलेही असते. परंतु काही घरे अशी असतात की तेथून हे बोलावणे दर दोन-तीन महिन्यांनी येते आणि प्रत्येक खेपेस बाईच्या अंगावरील वळ पूर्वीपेक्षा मोठे असतात. अशा घरांचा विचार मनात आला म्हणजे आम्हांस ज्या स्त्रीचे चरित्र आठवते ती खेड्यातील नव्हती, गरीब नव्हती, आणि अशिक्षित तर मुळीच नव्हती. ती लंडन शहरात मोठमोठ्या सरदारांच्या पंक्तीस बसणारी, पुस्तके लिहिणारी स्त्री होती. तिचा नवरा मॅजिस्ट्रेट होता. तरीही तो तिला मारीत असे, आणि ही गोष्ट तिच्या घरच्यांस, चाकरांस व मित्रांस ठाऊक होती.

कॅरोलाइन शेरिडन यांचा जन्म लंडन येथे २२ मार्च १८०८ रोजी झाला. त्यांचे आजोबा रिचर्ड ब्रिन्सली शेरिडन हे नामांकित नाटककार व पार्लमेंटातील गाजलेले वक्ते होते. वडिलांची प्रकृती क्षीण असे. ते सरकारी कामावर आफ्रिकेच्या दक्षिण टोकास केप ऑफ गुड होप येथे गेले, आणि तेथेच १८१७ मध्ये वारले. मागे राहिलेल्या विधवा आईजवळ नाव मोठे पण पैसा थोडा. राजाच्या मेहेरबानीने हॅम्प्टन कोर्टच्या जुन्या राजवाड्यात राहावयास जागा मिळाली, व तेथे ही मुले वाढली. तिघी बहिणी रूपाने व बुद्धीने प्रसिद्ध होत्या. थोरली हेलन हिचा मुलगा म्हणजे १८८४ ते १८८८ पर्यंत हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड डफरीन. त्यांच्या पत्नीने १८८५ मध्ये स्त्रियांच्या औषधोपचारासाठी जो फंड काढला, त्याचे नाव आपल्याकडील कित्येक इस्पितळांच्या दारावर लागले. तेव्हा ज्यांचे चरित्र आपण वाचीत आहो त्या बाई त्या व्हाइसरॉयसाहेबांच्या सख्ख्या मावशी होत.

कॅरोलाइन शाळेत असताना जॉर्ज चॅपल नॉर्टन नावाच्या तरुणाने त्यांस पाहिले व मागणी घातली. तो एका लॉर्डाचा धाकटा भाऊ, वकील व पुढे पार्लमेंटचा सभासद. मुलीने त्याच्याशी धड चार शब्दही बोललेले नव्हते. आईने काही वर्षे थांबावयास सांगितले. परंतु हुंड्यावाचून मुली उजवावयाच्या, घरात पैसा नाही, आलेले स्थळ सोडावे कसे? ३० जुलै १८२७ रोजी लग्न झाले. वधूचे वय १९ वर्षांचे होते. ही काळजी आमच्या वाचकांस निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही.

लग्नास सुमारे दोन महिने झाले होते तोच पहिला प्रसंग घडला. एके रात्री नवरा काही मत बोलला. बाईंनी ते मत वेडगळपणाचे आहे अशा अर्थाचे उत्तर दिले. त्यावर त्याने त्यांच्या कुशीत इतक्या जोराने लाथ मारली की पुढे कित्येक दिवस त्यांस अतिशय वेदना होत राहिल्या. त्या रात्री त्या दुसऱ्या खोलीत बसून राहिल्या. आणखी एकदा बाई आपल्या आईस पत्र लिहीत बसल्या असता, तुझ्या चेहऱ्यावरूनच माझ्या कागाळ्या लिहीत आहेस हे दिसते, असे म्हणून नवऱ्याने पत्र हिसकावून घेतले. बाई पुन्हा लिहावयास बसल्या, तेव्हा त्याने लिहिण्याच्या सामानावर दारूचा अर्क ओतून त्यास आग लावली. आणखी एके सकाळी फराळाच्या वेळी आपल्याला हवी ती जागा बाई सोडीत नाहीत एवढ्यावरून त्याने चहाची उकळती किटली उचलून त्यांच्या हातावर ठेवली. हात भाजला, त्यावर कढत पाणी सांडले. बाई औषधोपचारासाठी गेल्या, आणि नवरा त्या मोकळ्या झालेल्या जागेवर बसून शांतपणे फराळ करीत राहिला.

हे शेवटचे वाक्य वाचताना आम्ही थोडे थांबतो. रागाच्या भरात हात उठला असे आपण म्हणतो, आणि ते कधी खरेही असते. पण रागाच्या भरातील माणसास एवढ्या लवकर भूक लागत नाही. ज्यास कचेरीत साहेबासमोर राग आवरता येतो आणि घरात मात्र आवरता येत नाही, त्याच्या रागाविषयी पंचांनी थोडी अधिक चौकशी करावी. तसेच, पत्र जाळण्याच्या त्या प्रसंगी बाईंच्या अंगास बोटही लागले नव्हते. तरी तो प्रसंग लाथेपेक्षा लहान होता असे आम्हांस वाटत नाही. आईस पत्र लिहिण्याची चोरी झाली म्हणजे मुलीचे माहेर तुटले, आणि माहेर तुटले म्हणजे पुढची लाथ कोणास कळणार?

घरचा खर्च भागेना म्हणून बाईंनी लेखणी हाती घेतली. १८२९ मध्ये छापलेल्या त्यांच्या पहिल्या काव्याच्या मिळकतीतून थोरल्या मुलाच्या बाळंतपणाचा खर्च निघाला. पुढे त्या मासिके व वार्षिके चालवू लागल्या, व त्यांचा दिवाणखाना लंडनातील विद्वान व मुत्सद्दी यांच्या भेटीचे ठिकाण झाला. नवऱ्याची पार्लमेंटातील जागा गेली तेव्हा त्यानेच बाईंस आपल्यासाठी थोरामोठ्यांजवळ शब्द टाकावयास लावले. त्यावरून गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न यांनी १८३१ मध्ये त्यास लंडनच्या पोलीस-न्यायालयात मॅजिस्ट्रेट नेमले. वर्षास १००० पौंड पगार. दिवसा हा गृहस्थ न्यायासनावर बसून दारुड्या मजुरांस मारामारीबद्दल शिक्षा सांगे. बाहेर त्याच्याविषयी कोणाचे वाईट मत होते असे नाही. अशा माणसाविषयी तक्रार आली तर ऐकणाराच्या मनात प्रथम हेच येते की हे खरे कसे असेल.

फ्लेचर, ब्रिन्सली व विल्यम असे तीन मुलगे झाले. विल्यमच्या वेळी बाई गरोदर असता एके दिवशी त्यांनी भिऊन आतून दार लावून घेतले. नवऱ्याने दार मोडले व त्यांस जबरीने बाहेर काढले. चाकर मंडळी मध्ये पडली म्हणून त्या वाचल्या. आमच्या मते या चरित्रातील पहिले खरे साह्य त्या चाकरांनी केले, आणि त्यांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत. सुशिक्षित आप्तांनी जे केले ते याहून निराळे होते. ते निर्दय नव्हते. बहिणी रडत, भाऊ संतापे, नवऱ्यास जाब विचारला जाई. मग नवऱ्याची पत्रे येत. तो पायांवर लोळण घेतल्याप्रमाणे क्षमा मागे, पुन्हा असे घडणार नाही म्हणून शपथा घेई, मुलांची आठवण देई. आणि बाई परत जात. १८३५ मध्ये त्या पुन्हा गरोदर असता मारहाण झाली व त्या बहिणीच्या घरी निघून गेल्या. वेगळे राहण्याची बोलणी सुरू झाली होती. परंतु याही खेपेस काकुळतीची पत्रे आली, मन द्रवले, आणि त्या परत नांदावयास गेल्या. त्या गरोदरपणातील मूल जगात आले नाही.

समेट घडविणाराचे काम अशा ठिकाणी फसते ते बहुधा येथेच. त्यास वाटते, नवरा रडला म्हणजे पश्चात्ताप झाला. पण त्या पश्चात्तापाची परीक्षा कोणी घेतली? पुढच्या महिन्यात त्या घरी कोण गेले? बाईस एकटीला, नवऱ्याच्या व सासूच्या कानाआड, कोणी काही विचारले काय? शेरिडन कुटुंबात हे कोणी केले नाही, आणि आपल्याकडेही ते क्वचितच होते. नवऱ्यासमोर बसवून बाईस विचारावयाचे, बाई, तुझी काही तक्रार आहे काय, आणि ती मान हलवून नाही म्हणाली की वहीत समेट झाला म्हणून लिहावयाचे, याला चौकशी म्हणता येत नाही.

१८३६ चा ईस्टर आला. बाई मुलांस घेऊन भावाच्या घरी जाणार होत्या. नवऱ्यास त्या घरचे आमंत्रण नव्हते. बाई बहिणीकडे या गोष्टीचा विचार करावयास गेल्या असता मागे त्याने तिन्ही मुलांस गाडीत बसवून दुसरीकडे रवाना केले. धाकटा जेमतेम अडीच वर्षांचा होता. मुले कोठे आहेत हे शोधीत बाई एका घरी पोहोचल्या. त्यांस खाली बसवून ठेवले. वरच्या मजल्यावर मुलांची पावले धावत असलेली त्यांस ऐकू येत होती, मध्ये फक्त एक छत होते, आणि वर जाण्याची त्यांस मनाई होती. त्या तशाच परतल्या.

येथे त्या काळचा इंग्लिश कायदा सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचे काही समजणार नाही. लग्न झाले की कायद्याच्या दृष्टीने नवराबायको मिळून एक व्यक्ती होत असे, आणि ती एक व्यक्ती म्हणजे नवरा. बायकोची कमाई नवऱ्याची. तिने केलेला करार रद्दबातल. तिला स्वतःच्या नावाने फिर्याद करिता येत नसे. मुले बापाची, ती कितीही लहान असोत, बाप कसाही असो, आईस त्यांच्यावर काहीही हक्क नव्हता. विवाहासंबंधीचे तंटे धर्मन्यायालयांत, म्हणजे चर्चच्याच कचेऱ्यांत चालत.

नॉर्टनने आता लॉर्ड मेलबर्न यांच्यावर, जे त्या वेळी मुख्य प्रधान झाले होते, आपल्या बायकोशी व्यभिचार केल्याचा दावा लावून १०,००० पौंड नुकसानभरपाई मागितली. २२ जून १८३६ रोजी खटला चालला. साक्षीदार बहुतेक कामावरून काढलेले नोकर. बाईंच्या अब्रूचा निकाल व्हावयाचा होता, पण त्या दाव्यात पक्षकार नसल्याने त्यांस तोंड उघडण्याचीही सोय नव्हती. ज्यूरीने जागचे न उठता मेलबर्न निर्दोष असल्याचे सांगितले. तथापि निर्दोष ठरले ते मेलबर्न. ते प्रधान राहिले. बाईंस मात्र कित्येक घरांची दारे बंद झाली.

आणि मुले? ती नवऱ्याकडेच राहिली. तेव्हा बाईंनी वकिलांस विचारिले की मला इतकी वर्षे मारहाण झाली, त्या कारणावरून तरी मला कायदेशीर फारकत मिळू शकेल काय? वकिलांनी सांगितले की नाही. मारहाण झाल्यावर तुम्ही परत नांदावयास गेलात, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तुम्ही ते सर्व माफ केले. माफ केलेल्या अपराधावर दावा चालत नाही.

या उत्तराकडे आमच्या वाचकांनी, विशेषतः उपदेशक बंधूंनी, लक्ष द्यावे. बाई परत गेल्या त्या आप्तांच्या शब्दामुळे, मुलांच्या ओढीमुळे आणि मनाच्या मोठेपणामुळे. पुढे त्यांचा तोच मोठेपणा पुरावा म्हणून त्यांच्याविरुद्ध उभा राहिला. क्षमा करणे ही एक गोष्ट आहे, आणि मारणाराच्या घरात रात्री निजावयास जाणे ही दुसरी. धर्मन्यायालयांनी या दोहोंस एकच नाव दिले होते. आपल्या मंडळ्यांत बाईस क्षमेची वचने वाचून दाखविताना आपणही तीच चूक करीत असतो काय, हे ज्याचे त्याने पाहावे.

बाईंस आता एकच ध्यास लागला: मुले. १८३७ मध्ये आईच्या हक्काविषयी एक लहान पुस्तक त्यांनी लिहिले व पार्लमेंटच्या सभासदांत वाटले. टॉमस नून टॅलफर्ड नावाच्या वकील सभासदाने कायद्याचा मसुदा आणला. १८३८ मध्ये सरदारांच्या सभेने तो फेटाळला. त्याच सुमारास एका त्रैमासिकाने बाईंवर अत्यंत गलिच्छ टीका छापली, आणि विवाहित असल्यामुळे त्यांस बेअब्रूची फिर्यादही करिता आली नाही. पुढच्या वर्षी त्यांनी पुरुषाचे टोपणनाव घेऊन लॉर्ड चॅन्सेलरांस उद्देशून दुसरे पुस्तक लिहिले; बाईचे म्हणणे म्हणून जे कोणी ऐकत नाही ते पुरुषाचे म्हणून ऐकतील अशी त्यांची अटकळ असावी. १८३९ मध्ये कायदा झाला. व्यभिचार सिद्ध न झालेल्या आईस सात वर्षांखालील मुलांचा ताबा, व त्याहून मोठ्या मुलांची भेट, न्यायालयाकडे मागण्याची मोकळीक मिळाली. इंग्लंडच्या कायद्यात आईस आई म्हणून मिळालेला हा पहिला हक्क होय.

पण नॉर्टनने मुले आधीच स्कॉटलंडात ठेविली होती, आणि तेथे तो कायदा लागू नव्हता. १८४२ मध्ये विल्यम तट्टावरून पडला. जखमेकडे वेळेवर लक्ष दिले गेले नाही, ती चिघळली. आईस बोलावणे गेले ते अगदी शेवटी. त्या पोहोचण्यापूर्वीच मुलगा गेला होता. त्यानंतर नवरा थोडा नरमला व उरलेल्या दोघांस आईकडे काही दिवस राहू देऊ लागला.

मारहाण संपून आता बरीच वर्षे झाली होती. पण मारणाराच्या हातातील दोरी सुटली नव्हती. मुलांची दोरी ढिली झाली तेव्हा पैशाची आवळली गेली. १८४८ मध्ये पोटगीचा करार झाला, आणि काही वर्षांनी बाईंच्या आईने मृत्युपत्राने त्यांस थोडे उत्पन्न ठेविलेले पाहून नॉर्टनने ठरलेली पोटगी थांबविली. बाईंनी देणेकऱ्यांस नवऱ्याकडे पाठविले. १८५३ मध्ये गाडी दुरुस्त करणाऱ्या कारखानदाराने दावा आणला, तेव्हा नॉर्टनने बाईंच्या प्रकाशकांस न्यायालयात बोलावून त्यांच्या लेखनाची मिळकत किती हे विचारविले. नवराबायकोत करार होऊच शकत नाही, सबब पोटगीचा कागद निरर्थक, असे ठरले. बाई स्वतःच्या हातांनी लिहीत, आणि त्या लिहिण्याचा पैसा कायद्याने त्या माणसाचा होता. त्या दिवशी भर न्यायालयात त्या उभ्या राहून बोलल्या. इतकी वर्षे जे सांगावयाचे राहिले होते त्यातील काही तरी लोकांच्या कानांवर गेले.

पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, त्यांनी स्त्रियांसंबंधीच्या इंग्लिश कायद्यांवर पुस्तक लिहिले व आपल्या घरातील लाथ, किटली, मोडलेले दार या सर्व गोष्टी त्यात सांगून टाकल्या. उच्च कुळातील बाईने हे छापावे याचा पुष्कळांस धक्का बसला. घरातील गोष्ट चव्हाट्यावर आणली असा बोभाटा झाला. १८५५ मध्ये त्यांनी व्हिक्टोरिया राणीस उद्देशून एक खुले पत्र प्रसिद्ध केले: देशाच्या सिंहासनावर स्त्री बसलेली असता त्याच देशातील विवाहित स्त्रीस कायद्यात अस्तित्वच नाही, हा त्याचा रोख होता. १८५७ च्या विवाहविषयक कायद्यात त्यांच्या मागण्यांपैकी काही आल्या. टाकलेल्या बायकोची कमाई नवऱ्यास हिसकावून घेता येऊ नये म्हणून मॅजिस्ट्रेटकडून हुकूम मिळण्याची सोय झाली. फारकत मिळालेल्या स्त्रीस करार करण्याचा व फिर्याद करण्याचा अधिकार आला. घटस्फोट मात्र पुरुषास बायकोच्या नुसत्या व्यभिचारावरून मिळे, तर बायकोस नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा दोन वर्षांचा त्याग अशासारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. केवळ मारहाण पुरेशी नव्हती. स्वतः बाईंस या कायद्याने घटस्फोट मिळाला नाही. त्या शेवटपर्यंत मिसेस नॉर्टन राहिल्या.

ही परदेशची हकीकत म्हणून कोणी बाजूस सारील, तर त्यास आम्ही इतकेच सांगू की तो कायदा समुद्र ओलांडून आपल्याच घरी आला. हिंदुस्थानातील ख्रिस्ती लोकांसाठी १८६९ मध्ये जो घटस्फोटाचा कायदा झाला तो त्याच इंग्लिश कायद्याच्या नमुन्यावर बेतलेला होता. टाकलेल्या बायकोच्या कमाईचे रक्षण करणारे कलम त्यात आले. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याने ख्रिस्ती स्त्रीची मजुरी तिची स्वतःची ठरली. आणि केवळ मारहाण पुरेशी नाही हा नियमही त्याबरोबर आला, व इंग्लंडात तो गेल्यावरही आपल्याकडे राहिला. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ख्रिस्ती पत्नीवरील ही जादा अट घटनाबाह्य ठरविली, आणि २००१ च्या दुरुस्तीने पार्लमेंटने ती काढून टाकिली. म्हणजे नॉर्टनबाईंच्या हाताला जी बेडी होती ती आमच्या आयाबहिणींच्या हातात त्यांच्यानंतर सव्वाशे वर्षे होती.

आता २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांच्या संरक्षणाचा कायदा आहे. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला, व तो सर्व धर्मांच्या स्त्रियांस लागू आहे. त्यात हिंसा या शब्दाची जी व्याप्ती सांगितली आहे ती वाचताना बाईंच्या चरित्राची पाने उलटीत आहो असे वाटते. अंगावरील मार त्यात आहेच. पण शिवीगाळ, अपमान, धमकी, लैंगिक जुलूम, पैसा अडवून धरणे, स्त्रीधन किंवा कमाई काढून घेणे, हेही आहे. मॅजिस्ट्रेट नवऱ्यास मारहाणीची मनाई करू शकतो, बाईस राहत्या घरातून काढता येणार नाही असा हुकूम देऊ शकतो, खर्च व मुलांचा तात्पुरता ताबा देववू शकतो. घटस्फोट घ्यावाच लागतो असे नाही; पुष्कळ बायांस तो नकोच असतो, त्यांस फक्त मार थांबावयास हवा असतो. आणि पंचांनी लक्षात ठेवण्याजोगे एक कलम असे आहे की, असा छळ चालला आहे असे वाटण्यास ज्यास कारण आहे तो कोणीही मनुष्य संरक्षण अधिकाऱ्यास कळवू शकतो, आणि सद्भावाने कळविणारावर कसलीही जबाबदारी येत नाही. जिवावर बेतले असेल तर फोनवर ११२, व स्त्रियांच्या साह्यासाठी १८१ हे अंक आहेत. शेजारच्या घरातील ओरडणे ऐकून, आपण मध्ये कसे पडावे, असे म्हणणाऱ्यास आता ही सबब उरली नाही.

नॉर्टनबाई काही साध्वीच्या साच्यात बसणाऱ्या नव्हत्या, हेही सांगितले पाहिजे. त्या फटकळ होत्या, थट्टेखोर होत्या, आपल्या कुळाचा त्यांस अभिमान होता, आणि त्यांच्या मोकळ्या वागणुकीविषयी लोक कुजबुजत. या गोष्टींचा उपयोग त्यांच्या शत्रूंनी पुरेपूर केला. बाई तोंडाळ आहे, तिनेच डिवचले असेल, हे वाक्य लंडनच्या दिवाणखान्यातही ऐकू येई व आपल्या चावडीवरही ऐकू येते. लाथ खाण्यास बाईने आधी संत असावयास हवे, असा दंडक कोणी घातला आहे? स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीच्या आहेत असेही त्या म्हणत नसत. पुरुष श्रेष्ठ आहे हे मान्य करून, मग त्याच्या हाताखालच्या स्त्रीस संरक्षण तरी द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. पुढच्या काळातील सुधारक स्त्रियांस हे पटले नाही व आम्हांसही पटत नाही. पण त्या मागण्यासाठी त्यांनी जे छापले, त्यामुळे झालेले कायदे श्रेष्ठ-कनिष्ठ न विचारता सर्वांच्या उपयोगी पडले. डॅनियल मॅक्लीझ या चित्रकाराने सरदारांच्या सभागृहातील भिंतीवर न्यायाचे चित्र काढले तेव्हा न्यायदेवतेच्या मुद्रेसाठी त्याने या बाईंसच समोर बसविले होते. ज्या सभागृहाने त्यांचा पहिला मसुदा फेटाळला, त्याच सभागृहात त्यांचा चेहरा लागला.

थोरला मुलगा फ्लेचर १८५९ मध्ये क्षयाने वारला. १८७५ च्या फेब्रुवारीत जॉर्ज नॉर्टन मेला, आणि ४७ वर्षांनी बाई मोकळ्या झाल्या. त्यांचे जुने स्नेही सर विल्यम स्टर्लिंग-मॅक्सवेल हे विधुर होते. १ मार्च १८७७ रोजी दोघांचे लग्न झाले. त्या वेळी बाई इतक्या आजारी होत्या की विवाहविधी घरातच उरकावा लागला. त्याच वर्षी १५ जून रोजी त्यांचे देहावसान झाले. दुसऱ्या संसाराचे त्यांस साडेतीन महिने मिळाले.

पुढच्याच वर्षी फ्रान्सेस पॉवर कॉब नावाच्या दुसऱ्या एका स्त्रीने इंग्लंडातील बायकांच्या छळावर एक लेख लिहून पार्लमेंटला हलविले. १८७८ च्या कायद्याने असे ठरले की, बायकोस गंभीर मारहाण केल्याबद्दल ज्या नवऱ्यास शिक्षा झाली आहे, त्याच्याबरोबर तिने राहण्याचे कारण नाही असा हुकूम साधा मॅजिस्ट्रेटही देऊ शकेल, तिला पोटगी बांधून देऊ शकेल, आणि दहा वर्षांखालील मुले तिच्या हवाली करू शकेल.